युरोलॉजिस्टला कोकणात नोकरी कुठे मिळेल?

प्रश्न: नमस्कार सर, मी मूळचा लांजा तालुक्यातला, सध्या मुंबईत एम.सीएच. युरोलॉजीच्या (मूत्रविकारांच्या शस्त्रक्रियेच्या) शेवटच्या वर्षाला आहे. आई गेल्यापासून वडील गावी एकटेच असतात, त्यामुळे रत्नागिरी-चिपळूणकडे यायचं फार मनात आहे. गेले चार महिने जाहिराती बघतोय. पुणे, नाशिक, कोल्हापूर, नवी मुंबई सगळीकडच्या दिसतात पण आपल्या भागातली एकही दिसली नाही. नवी मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलची ऑफर हातात आहे. कोकणात युरोलॉजिस्टला खरंच काम आहे का, आणि असेल तर विचारायचं कुणाला?
एक वाचक, लांजा

उत्तर: डॉक्टर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. या किनाऱ्यावर जनरल सर्जन म्हणून ३० वर्षं काढली मी, आणि त्यातल्या कितीतरी रात्री असं झालंय की पेशंट समोर आहे, काय करायला हवं ते मला कळतंय, पण ते करणारा माणूस घाटाच्या पलीकडे बसलाय. त्यामुळे कुणी युरोलॉजिस्ट इकडे यायचं म्हणतोय म्हटल्यावर मी जरा लांबलचकच लिहिणार आहे.

काम आहे का, तर भरपूर आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात १६ लाखांवर लोक आणि सिंधुदुर्गात साडेआठ लाखांच्या आसपास, म्हणजे दोन्ही मिळून २४ लाखांच्या वर. आणि दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा कमी झालेली, कारण तरुण मुंबईला, घरी राहिले म्हातारे. आता म्हातारे म्हटलं की प्रोस्टेट आलंच. रात्री पाच पाच वेळा उठणारे, वर्षभर लघवीची नळी लावून बसलेले, "वयोमानानं व्हायचंच" असं म्हणून कुणाला न सांगणारे, असे लोक प्रत्येक वाडीत आहेत. मुतखड्याचे पेशंट वेगळेच, एप्रिल-मेच्या घामात पाणी कमी पिणारे आंबा बागेतले कामगार, होडीवरचे खलाशी. आणि इमर्जन्सी बघा. वृषणाला पीळ पडला तर साधारण ६ तासांत सोडवावा लागतो, नाहीतर ते वाचत नाही. खडा अडकून वर किडनीत पू झाला तर त्याच दिवशी स्टेंट (किडनीपासून मूत्राशयापर्यंत आत ठेवायची बारीक नळी) नाहीतर पाठीतून नळी पडायलाच हवी, अँटिबायोटिकवर तो माणूस राहत नाही. रत्नागिरीहून कोल्हापूर जवळपास १३० किलोमीटर, मध्ये आंबा घाट, आणि जुलैत दरड आली की संपलंच. राजापूरच्या वरच्या गावातला पोरगा पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला, घरच्यांनी आधी गॅसची गोळी दिली, मग तालुक्याला आणला, मग पुढे पाठवला, यात ६ तास कधी गेले कळतच नाही. असा एक पोरगा मी बघितलाय. एक वृषण काढावं लागलं. वय १५.

मग जाहिरात का नाही? कारण इथली बहुतेक खासगी हॉस्पिटलं २०-३० खाटांची, एका सर्जनने नाहीतर नवरा-बायको डॉक्टरांनी काढलेली. युरोलॉजिस्ट पूर्णवेळ ठेवता येतो हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. महिन्यातून एकदोन वार ठरलेले असतात, कोल्हापूरहून नाहीतर मुंबईहून व्हिजिटिंग डॉक्टर येतात, तेवढ्यात जमेल तेवढं उरकतात आणि जातात. जागा आहे पण ती कुणी मांडलेली नाही, ती तुम्हालाच येऊन मांडावी लागेल.

म्हणून चार-पाच दिवसांची रजा काढा आणि खेडपासून सावंतवाडीपर्यंत स्वतः फिरा. फोनवर नको. प्रत्येक गावात पहिल्यांदा भूलतज्ज्ञाला भेटा, हॉस्पिटलच्या मालकाला नंतर. हा माझा अनुभवाचा सल्ला आहे. भूलतज्ज्ञ गावातल्या सगळ्या ओटींमध्ये (ऑपरेशन थिएटरांत) जातो, कुठे सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं मशिन) चालतो आणि कुठे नुसता उभा आहे, कुठला मालक पैसे वेळेवर देतो, कुठली सिस्टर रात्री बोलावली तर येते, हे सगळं त्याला माहीत असतं. आणि तो तुमच्यासोबत उभा राहायला तयार नसेल तर त्या गावात तुमचं काम होणारच नाही. त्यानंतर सोनोग्राफीवाले डॉक्टर, कारण खडा आणि वाढलेलं प्रोस्टेट पहिल्यांदा त्यांनाच दिसतं. मग डायलिसिस चालवणारे फिजिशियन. आयएमएच्या (डॉक्टरांच्या संघटनेच्या) स्थानिक शाखेत एक छोटं व्याख्यान देऊ का विचारा, नाही कुणी म्हणणार नाही. खडा फोडायचं लेझर आणि स्कोप (आत बघायच्या दुर्बिणी) विकणाऱ्या कंपनीच्या माणसालाही भेटा, कुणी मशिन घेतलंय आणि चालवणारा नाही म्हणून ते झाकून पडलंय हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

मोठ्या संस्थांपैकी डेरवणचं वालावलकर हॉस्पिटल आणि मेडिकल कॉलेज, पडव्याचं एसएसपीएम मेडिकल कॉलेज, आणि सरकारी मेडिकल कॉलेजं आता सिंधुदुर्ग, अलिबाग आणि रत्नागिरी अशी तीन झालीयत. सरकारी पक्क्या जागा एमपीएससीतून भरतात, कंत्राटी जागांच्या थेट मुलाखती असतात, त्याची नोटीस कॉलेजच्या वेबसाइटवर येते आणि आठ-दहा दिवसांत संपूनही जाते, तेव्हा दर आठवड्याला बघत जा. युरोलॉजीचा वेगळा विभाग नसला तर सर्जरी विभागात जाऊन डीनना भेटा. जनरल सर्जरीतलं एमएस तर तुमचं आहेच. तुमचं एम.सीएच. सरकारी कॉलेजातून असेल तर एक वर्षाचा बाँड (सक्तीची सरकारी सेवा) असेलच, त्याच्या जागा निघतील तेव्हा कोकणातलं काही असलं तर तेच पहिल्या पसंतीला टाका. वडिलांजवळ राहून वर्षभर इथलं सगळं बघून होईल. युरोलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या वेस्ट झोनच्या मीटिंगलाही जात जा, कोल्हापूर-गोव्याचे सीनियर तिथे भेटतात, आणि त्यातले काही या घाटातल्या फेऱ्यांना कंटाळलेले असतात. त्यांचे वार तुमच्याकडे येऊ शकतात.

आता ओटी बघायला गेलात की पगाराचं बोलायच्या आधी हे विचारा. सी-आर्म आहे का, आणि त्याची एईआरबीकडे (अणुऊर्जा नियामक मंडळाकडे) नोंदणी आहे का. लेझर कुठला, किती वॉटचा, आणि लाइट गेली तर जनरेटर त्याला झेपतो का (इथे पावसाळ्यात लाइट जातेच). स्कोप कुठले आहेत, त्यांचं स्टरिलायझेशन कोण करतं. टीयूआरपी (लघवीच्या मार्गातून प्रोस्टेट खरवडणं) बायपोलर मशिनवर करता येईल का, कारण जुन्या मोनोपोलरला आत सोडायला ग्लायसिनचं पाणी लागतं आणि ते रक्तात शिरून म्हाताऱ्या माणसाचं सोडियम खाली आलं तर रात्री सांभाळायला आयसीयू हवा. रक्तपेढी किती लांब. पीसीएनएलला (पाठीतून भोक पाडून किडनीतला खडा काढताना) रक्त लागलं आणि पिशवी दोन तासांवर असेल तर तिथे पीसीएनएल करू नका, सरळ नाही म्हणा, त्यात कमीपणा काही नाही. सोनोग्राफीच्या मशिनच्या पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान बंदी कायद्याच्या) नोंदणीत तुमचं नाव नसेल तर प्रोबला हात लावायचा नाही. आणि चिपळूणला गेलात तर मशिनं कुठल्या मजल्यावर ठेवतात तेही विचारा. २२ जुलै २०२१ चा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना या प्रश्नाचं काही वाटणार नाही.

पैशांचं म्हणाल तर सुरुवातीला सहा महिने ते वर्षभर मिनिमम गॅरंटी (दरमहा ठरलेली किमान रक्कम) मागा, नंतर केसप्रमाणे हिस्सा. हे पैसे प्रोफेशनल फी म्हणून येतात, १० टक्के टीडीएस कापून, पीएफ नाही की भरपगारी रजा नाही, हे धरून हिशोब करा. गाइडवायर, शीथ, डीजे स्टेंट, लेझर फायबर हे ऑपरेशनचं सामान कुणाच्या खर्चात, हे कागदावर घ्या, नंतर भांडणं इथेच होतात. हॉस्पिटल सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का आणि त्यात युरोलॉजीची मान्यता आहे का हे नक्की बघा, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि आपला पेशंट त्याच्याच भरवशावर ऑपरेशनला तयार होतो. योजनेचे पैसे उशिरा येतात, तेव्हा तुमचा हिस्सा क्लेम आल्यावर मिळणार की दर महिन्याला, तेही ठरवून घ्या. नोकरी सोडल्यावर इतक्या किलोमीटरात प्रॅक्टिस करायची नाही असं कलम पुढे केलं तर घाबरू नका, १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे अशी बंदी सहसा टिकत नाही, तरी सही करण्याआधी वकिलाला दाखवाच. आणि पेशंट पाठवल्याबद्दल कुणी कट मागितला तर पहिल्याच दिवशी नाही म्हणा. २००२ च्या आचारसंहितेत तो बेकायदा आहे, आणि एकदा दिलात की आयुष्यभर द्यावा लागतो.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. दोन-तीन गावांत व्हिजिट सुरू केलीत की डीजे स्टेंटचं रजिस्टर स्वतःच्या हातानं ठेवा. एका चाकरमान्याला शिमग्याला गावी आला असताना खड्याचं ऑपरेशन करून स्टेंट टाकला होता, व्हिजिटिंग डॉक्टरने. तीन आठवड्यांनी काढायला या म्हणून सांगितलंही असेल, पण माणूस मुंबईला गेला, दुखणं थांबलं, विसरला. दोन वर्षांनी गणपतीत माझ्याकडे आला तर स्टेंटच्या दोन्ही टोकांना खडे धरलेले, किडनी निम्मी गेलेली. कुणाच्याही वहीत त्याचा फोन नंबर नव्हता. तेव्हा नाव, मुंबईचा नंबर, गावचा नंबर, तारीख, आणि दर रविवारी एक फोन, एवढं कराच.

नवी मुंबईची ऑफर? तिथला सीनियर तुम्हाला स्वतःच्या हातानं ऑपरेशन करू देणार असेल तर वर्ष-दोन वर्षं जा. कोकणात अडचणीच्या वेळी शेजारी कुणी नसतं, हात तयार होऊन आलेला बरा. नुसत्या रात्रीच्या कॉलसाठी घेत असतील तर नको. आणि जाऊनही महिन्यातले दोन शनिवार रात्रीच्या गाडीने रत्नागिरीला या, ओपीडी सुरू करा, वडीलही भेटतील. दोन वर्षांत पेशंट तुम्हाला नावानं विचारायला लागतील, मग मिनिमम गॅरंटीही मागावी लागणार नाही.

प्रश्न: कणकवलीजवळ आमचं २५ खाटांचं हॉस्पिटल आहे. गेल्या तीन वर्षांत दोन युरोलॉजिस्ट आले आणि वर्षाच्या आत गेले. पगार बरा देत होतो. चुकतंय काय?
एक डॉक्टर वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर: तुमच्या पत्रातच पुढे लिहिलंय की रिकाम्या वेळात ते हर्निया, अपेंडिक्स बघायचे. साडेअकरा वर्षं शिकून आलेल्या माणसाला तुम्ही पुन्हा जनरल सर्जन केलंत, तो थांबेल कसा? लेझर "पुढच्या वर्षी घेऊ" असं दोघांनाही सांगितलं होतं हेही तुम्हीच लिहिलंय. तुमचा राग येऊन बोलत नाही, मीही एका भागीदारीत हीच चूक केलीय आणि एक चांगला माणूस गमावलाय. एकट्याला लेझर झेपत नसेल तर कुडाळ, सावंतवाडीकडच्या एखाद्या हॉस्पिटलबरोबर मिळून एक युरोलॉजिस्ट ठेवा, वार वाटून घ्या, मशिन सामाईक घ्या. त्याला केसेस पुरतील, तुमचा खर्च निम्मा होईल. एक ओटी असिस्टंट फक्त त्याच्यासाठी तयार करा, स्कोप त्याच्याशिवाय कुणी धुवायचा नाही. आणि राहायची सोय, मुलांची शाळा, बायकोचं काम याची चौकशी मुलाखतीतच करा. आतापर्यंत मला जे जे सोडून गेलेले भेटले त्यातले निम्मे पगारासाठी गेले नव्हते, घरचं माणूस इथे रमलं नाही म्हणून गेले.

प्रश्न: माझी मुलगी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला पुढे युरोलॉजी करायची आहे. नातेवाईक म्हणतात तो पुरुषांचा डॉक्टर, मुलीकडे दापोलीसारख्या ठिकाणी कोण येणार?
एक आई, दापोली

उत्तर: ताई, बायका येतील. तुमच्या रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या मोजणीत दर १००० पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. खोकताना लघवी होते म्हणून एसटीत बसायचं सोडलेल्या, लग्नाला जायचं सोडलेल्या, वारंवार जळजळ होते म्हणून पाणीच कमी पिणाऱ्या, यातल्या कितीजणी पुरुष डॉक्टरसमोर तोंड उघडतात? माझ्यासमोर ३० वर्षांत फार थोड्या उघडल्या, आणि त्याही दुसऱ्याच दुखण्याला आल्या होत्या तेव्हा जाता जाता, दाराशी उभ्या राहून. खडा, किडनी, मूत्राशयाचा कॅन्सर बायकांनाही होतो. आणि म्हातारे पुरुषही येतील, रात्रीची झोप मिळाली की डॉक्टर बाई का बुवा हे कुणी बघत नाही.

वाट लांब आहे, हे मात्र तिला स्पष्ट सांगा. एमबीबीएस नंतर आधी तीन वर्षं एमएस जनरल सर्जरी, मग नीट एसएस (सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा), मग आणखी तीन वर्षं, बाँड वेगळा. लग्नाची घाई तुम्ही करू नका. इंटर्नशिपमध्ये सर्जरीच्या पोस्टिंगला असताना तिला युरोलॉजीच्या ओपीडीत पंधरा दिवस बसू दे, आणि एक दिवस टीयूआरपी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायला सांगा. घरी आल्यावर ती काय बोलते ते ऐका आणि मला कळवा.