कच्छ-जैसलमेरची मोटारसायकल सफर: ठेव मोडावी, कर्ज काढावे की तारखा बदलाव्यात?

दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर चार खोल्यांचा होमस्टे चालवणाऱ्या एका दांपत्याचा प्रश्न आहे. पन्नासेक हापूस कलमे त्यांनी व्यापाऱ्याला कराराने दिली आहेत आणि बँकेत चार लाखांची मुदत ठेव आहे. नाताळाच्या आसपास सोळा दिवस मोटारसायकलवरून कच्छचे रण आणि जैसलमेरचे वाळवंट पाहावे, जमेल तिथे तंबूत राहावे, असे दोघांच्या मनात अनेक वर्षांपासून आहे. त्यासाठी अडीच लाखांची ४५० सीसीची नवी गाडी घ्यायची असून ठेव मोडावी की वैयक्तिक कर्ज काढावे, असे त्यांनी विचारले आहे. एरवी ही गाडी पर्यटकांना भाड्याने देऊन पैसे वसूल करता येतील, असाही त्यांचा हिशेब आहे.

आपण दोघांनी जरूर जावे, हे मी आधीच सांगतो. पाहुण्यांच्या जेवणाखाण्यात आणि खोल्यांच्या उस्तवारीत ज्यांची सगळी सुट्टीची मोसमे जातात, त्यांनी सोळा दिवस स्वतःसाठी काढणे ही उधळपट्टी नव्हे. माझी हरकत नव्या गाडीला आहे आणि त्याहून अधिक आपण निवडलेल्या तारखांना आहे.

तारखांचा विचार आधी करू, कारण सर्वांत मोठा खर्च तिथेच दडलेला आहे. २० डिसेंबर ते ४ जानेवारी हे दिवस आपल्या किनाऱ्यावर वर्षातील सर्वाधिक कमाईचे असतात. चार खोल्या पंधरा रात्री भरल्या, तर खोलीच्या साठ रात्री होतात. आपण कळवलेल्या साडेतीन हजारांच्या दराने त्यांचे दोन लाख दहा हजार रुपये येतात आणि किराणा, मदतनीस, वीज यांसाठी चाळीस टक्के वजा केले, तरी सव्वा लाखाहून अधिक रक्कम हातात राहते. सगळ्या सहलीला लागणार नाही इतके उत्पन्न केवळ घर बंद ठेवल्याने जाईल, शिवाय दरवर्षी त्याच आठवड्यात येणारे पाहुणे दुसरे घर शोधतील, हे नुकसान वेगळेच.

वाळवंटासाठी मात्र डिसेंबरच हवा, असे मुळीच नाही. कच्छचे रण पावसाळ्यात पाण्याखाली असते आणि दिवाळीनंतर हळूहळू सुकत जाते, त्यामुळे जानेवारीअखेर ते अधिक कोरडे आणि पांढरे मिळते. जैसलमेरकडे तेव्हाही रात्री चांगलीच थंडी असते आणि दिवसा गाडी चालवणे सुखाचे असते. प्रजासत्ताक दिनाची गर्दी आटोपल्यावर निघून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत परत यावे. त्या काळात परीक्षा जवळ आल्यामुळे कोकणात कुटुंबांची ये-जा कमी असते आणि कलमे कराराने दिलेली असल्याने फवारणीची जबाबदारीही आपल्यावर नाही. जैसलमेरचा मरू महोत्सव माघ पौर्णिमेच्या सुमारास भरतो आणि तेव्हा राहण्याचे दर चढतात, म्हणून ते दिवस टाळून मार्ग आखावा.

आता गाडीविषयी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्याहून मोठ्या इंजिनांवर तो ४० टक्के आहे, म्हणजे आपण नेमकी करभार वाढलेल्या गटातील गाडी निवडली आहे. अडीच लाखांचे कर्ज १२ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतल्यास दरमहा सुमारे ८,३०० रुपये हप्ता पडेल आणि व्याजापोटी जवळजवळ ४९,००० रुपये जातील. हा हप्ता जून ते सप्टेंबर या काळातही भरावा लागेल, जेव्हा आपल्या खोल्या बंद असतात.

गाडी भाड्याने देण्याचा विचार तर कृपया सोडूनच द्यावा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देता येत नाही; त्यासाठी व्यावसायिक नोंदणी आणि परवाना लागतो. पर्यटकाच्या हातून अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि भरपाईचा बोजा आपल्यावर येऊ शकतो.

ठेव मुदतीआधी मोडल्यास ती जितका काळ राहिली त्या काळाचाच दर मिळतो आणि बहुतेक बँका त्यातूनही अर्धा ते एक टक्का कापतात. पण माझे खरे कारण व्याजाचे नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत छपरे, माड, पोफळी आणि कलमे पाडली आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आले, हे आपण स्वतः भोगले आहे. महिना पस्तीस हजारांच्या घरखर्चाने पावसाळ्याचे चार महिने धरले, तरी एक लाख चाळीस हजार लागतात. उरलेले दोन लाख साठ हजार हीच आपल्या छपराची आणि दुरुस्तीची तरतूद आहे, तिला हात लावू नये.

आपली सहा वर्षांची १५० सीसीची गाडी या प्रवासाला पुरेशी आहे, मात्र खाऱ्या वाऱ्यात राहिलेल्या गाडीची तपासणी नीट करून घ्यावी. टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक, गंजलेल्या वायरी या सर्वांसाठी १२,००० रुपये धरावेत. अंतर साडेतीन हजार किलोमीटरांहून थोडे अधिक होईल आणि पेट्रोलला सुमारे ८,५०० रुपये लागतील. मुंबई ते भुज हा साडेआठशे किलोमीटरांचा टप्पा टाळायचा असेल, तर गाडी रेल्वेने पार्सल करता येते; टाकीतील पेट्रोल काढावे लागते आणि नोंदणीची कागदपत्रे दाखवावी लागतात.

राहणे-जेवण दिवसाला १,८०० प्रमाणे २८,८०० रुपये होतील. सर्व रात्री तंबूत फुकट जातील, असे समजू नये. सीमेलगतच्या भागात आणि डेझर्ट नॅशनल पार्कच्या हद्दीत मनाला येईल तिथे मुक्काम करता येत नाही आणि धोरडोच्या पांढऱ्या रणासाठीही परवाना लागतो. सामानासाठी १५,००० ठेवावेत, त्यांतला मोठा वाटा चांगल्या स्लीपिंग बॅगांवर खर्च करावा; तंबू साधा असला तरी चालेल. विम्याचे ३,००० आणि अडीअडचणीचे १०,००० मिळवल्यास एकूण ७७,३०० रुपये होतात.

ही रक्कम चालू मोसमातूनच उभी राहू शकते. दिवाळीपासून १५ जानेवारीपर्यंत निम्म्या खोल्या भरल्या, तरी खोलीच्या सुमारे १३० रात्री होतात. प्रत्येक रात्रीमागे ६०० रुपये वेगळ्या बचत खात्यात टाकत गेल्यास ७८,००० रुपये जमतील. १५ जानेवारीला साठ हजारांहून कमी जमले असतील, तर जैसलमेर पुढच्या वर्षावर टाकून केवळ कच्छ करावे.

विम्याच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगतो. गाडीसोबतचे १५ लाखांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण फक्त नोंदणीकृत मालक-चालकाला मिळते. गाडी ताईंच्या यजमानांच्या नावावर आहे आणि वाटेत ताईही ती चालवणार आहेत. ताई मागे बसलेल्या असोत वा हँडल त्यांच्या हाती असो, हे संरक्षण त्यांना लागू होत नाही. म्हणून निघण्यापूर्वी ताईंच्या नावे स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा घ्यावा आणि वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचे संरक्षण देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना दोघांच्याही बँक खात्यांवर सुरू आहे ना, हे पासबुकात पाहून घ्यावे.