वाचकांचे प्रश्न : पहाटेचा पहारा आणि ग्रुपवर आलेला निरोप

ठाणे आणि नवी मुंबईतून गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीचशी दोन विषयांवर आहेत. मुलींनी सायबर सुरक्षेच्या नोकरीत पडावे का, हा एक विषय. आणि परदेशातून पेरल्या जाणाऱ्या खोट्या बातम्यांपासून घर, सोसायटी, शेजार कसा सांभाळावा, हा दुसरा. या क्षेत्रात इतकी वर्षे काढल्यावर मला हे दोन्ही विषय एकाच कामाच्या दोन बाजू वाटतात. संगणकावर आलेला अलर्ट असो की फोनवर आलेला निरोप, पहिला प्रश्न ‘हे आले कोठून?’ हाच असतो. म्हणून निवडक चार पत्रांना या वेळी एकत्रच उत्तरे देत आहे.

प्रश्न : मे २०२५ मध्ये सीमेवर संघर्ष चालू असताना आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘सायबर हल्ल्यामुळे एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार’ असा निरोप आला. मी तो खरा मानून पुढे पाठवला. दुसऱ्या दिवशी शेजारचे दोन वृद्ध भर उन्हात एटीएमसमोर रांगेत उभे राहिले. निरोप खोटा निघाला. मी बँकेतून निवृत्त झालो आहे, त्यामुळे ही चूक मनाला फार लागली. यामागे परदेशी हात असल्याचे कसे ओळखावे, आणि सोसायटीने काय करावे?
— एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : आपण चूक लपवली नाहीत, त्यामुळे या उत्तराचे अर्धे काम आपणच केले आहे. तो निरोप खोटा असल्याचे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या (पीआयबी) फॅक्ट चेक विभागाने त्याच दिवसांत जाहीर केले होते. त्या काळात पसरलेल्या इतर खोट्या गोष्टीही आठवून पाहा. गुजरातमधील हजिरा बंदरावर हल्ला झाल्याचे सांगत फिरवलेली चित्रफीत प्रत्यक्षात जुलै २०२१ मधील एका तेल टँकरच्या स्फोटाची होती. पाकिस्तानच्या सायबर हल्ल्यामुळे भारताची सत्तर टक्के वीजयंत्रणा बंद पडली, हा दावा खोटा होता. भारतीय हवाई दलाची एक महिला वैमानिक शत्रूच्या हाती सापडली, हीदेखील बनावट बातमी होती. पैसा, वीज आणि घरची लेक, या तिन्ही ठिकाणी माणसाचा धीर लवकर सुटतो, आणि खोटे रचणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते.

तरीही ‘एटीएम’चा निरोप सीमेपलीकडूनच आला होता, असे मी म्हणणार नाही. एखाद्या गोष्टीचे खापर परदेशावर फोडण्यासाठी पुरावा लागतो, आणि तो गोळा करायला वेळ लागतो. १२ ऑक्टोबर २०२० चा दिवस आपल्याला आठवत असेल. मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकाच वेळी अंधारात गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. पुढे मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी प्राथमिक अहवालाच्या आधारे सायबर हल्ल्याची शक्यता मांडली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चुकीकडे बोट दाखवले आणि सायबर हल्ल्याचा पुरावा नसल्याचे सांगितले. दोन जबाबदार व्यक्ती एकाच घटनेबद्दल वेगवेगळे बोलत असताना आपण ग्रुपवर छातीठोकपणे निकाल देऊ नये, हे मला अगदी मनापासून सांगायचे आहे. ‘परदेशी हात’ हा शिक्काच सरसकट मारला जाऊ लागला, तर खरा परदेशी हात त्या गर्दीत सहज लपतो.

तो हात पुराव्यानिशी कसा उघडा पडतो, हेही पाहण्यासारखे आहे. युरोपमध्ये ‘डॉपेलगँगर’ या नावाने ओळखली गेलेली रशियाशी जोडलेली मोहीम सप्टेंबर २०२२ मध्ये ‘ईयू डिसइन्फोलॅब’ या संस्थेने उजेडात आणली. त्या मोहिमेत ‘ल माँद’, ‘द गार्डियन’, ‘डेर श्पीगल’ अशा नामांकित वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांच्या हुबेहूब नकला उभ्या केल्या होत्या. अक्षरे तीच, बोधचिन्ह तेच, बातमीची मांडणीही तीच; फरक असलाच तर पत्त्याच्या शेपटीत. ‘श्पीगल’चा खरा पत्ता ‘डॉट डीई’ने संपतो, नकलेचा ‘डॉट एलटीडी’ने संपत होता. आपण बँकेत काम केले आहे, तेव्हा बनावट बँक-संकेतस्थळाची ही युक्ती आपल्याला नवी नाही. केवायसीच्या नावाखाली पैसे लुबाडणारा आणि बातमीच्या नावाखाली मन गढूळ करणारा असे दोघेही तेच कुलूप त्याच किल्लीने उघडतात. म्हणून बातमी वाचण्याआधी पत्ता शेवटपासून उलटा वाचायची सवय लावून घ्यावी.

सोसायटीपुरते म्हणाल, तर ग्रुपवर तिघांना, त्यांत निदान दोन स्त्रियांना, ‘थांबा, बघून सांगतो’ असे म्हणण्याचा अधिकार सर्वानुमते द्यावा. पैसे, औषधे, दंगल किंवा युद्ध यांबद्दलचा कोणताही निरोप आधी या तिघांकडे जावा. त्यांनी संबंधित बँकेचे किंवा खात्याचे अधिकृत पान पाहावे, छायाचित्र असल्यास ते गुगल लेन्समध्ये टाकून पूर्वी कोठे छापले गेले होते ते शोधावे, आणि सरकारी तपासणीबरोबर तथ्यतपासणी करणारे एखादे स्वतंत्र संकेतस्थळही पाहावे. हे काम दहा-पंधरा मिनिटांचे असते. उत्तर सापडले नाही, तर ‘अजून खात्री झालेली नाही, कृपया पुढे पाठवू नये’ एवढेच लिहावे. तेही उत्तरच आहे. चुकून निरोप पाठवलेल्या माणसाला मात्र चारचौघांत टोचून बोलू नये. एकदा अपमान झालेला माणूस पुढच्या वेळी चूक कबूल करत नाही, आणि खोटे तसेच फिरत राहते.

प्रश्न : माझी मुलगी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात, संगणक शाखेत आहे. तिला सायबर सुरक्षेतच जायचे आहे. घरात सासूबाई म्हणतात, हे मुलांचे काम; तिच्या बाबांना रात्रपाळीची काळजी; आणि मला तर ‘हॅकिंग’ हा शब्दच नकोसा वाटतो. आपण काय सांगाल?
— एक आई, कळवा

उत्तर : आधी सासूबाईंच्या शंकेबद्दल. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे सांकेतिक संदेश फोडणाऱ्या ब्रिटनच्या ब्लेचली पार्कमध्ये काम करणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या. आज जगभरातल्या सायबर सुरक्षेच्या मनुष्यबळात स्त्रियांचा वाटा साधारण वीस ते पंचवीस टक्के असल्याचे ‘आयएससी-टू’ या सायबर सुरक्षेतील व्यावसायिकांच्या संस्थेचे अंदाज सांगतात. म्हणजे मुली या कामात नव्याने शिरत आहेत असे नाही. मधल्या काळात त्या बाहेर राहिल्या, किंवा ठेवल्या गेल्या.

आता कामाचे स्वरूप. ज्याला आम्ही ‘सॉक’ म्हणतो, त्या सुरक्षा देखरेख केंद्रात नव्या मुलीचे पहिले वर्ष बहुतेक पडद्यावर येणारे अलर्ट तपासण्यात जाते. शंभरातले कितीतरी निरुपद्रवी असतात. कोणीतरी पासवर्ड विसरलेला असतो, कोणी गावाहून लॉग-इन केलेले असते. प्रत्येकाचे तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, उघडायचे, लॉग, म्हणजे संगणकाने आपोआप ठेवलेल्या नोंदी, वाचायचे, कारण लिहून ते बंद करायचे किंवा वरच्या पातळीकडे पाठवायचे, आणि पाळी संपताना पुढच्या माणसाला नीट हँडओव्हर द्यायचा. ऐरोलीतल्या एका केंद्रात असताना पहाटे पावणेतीनच्या सुमारास एका हिशेबनीस बाईंच्या खात्यातून लॉग-इन झाल्याचा अलर्ट आला. पासवर्ड बरोबर, शहर बरोबर, त्यामुळे अनुभवी सहकाऱ्याने तो बंद करायला घेतला. शेजारी नुकतीच रुजू झालेली एक मुलगी बसली होती. तिने रजेची यादी उघडली. त्या बाई अकरा दिवसांपूर्वी प्रसूती रजेवर गेल्या होत्या. तिने फक्त एवढेच विचारले : “बाळंतीण बाई पहाटे पुरवठादाराचे बँक खाते बदलायला कशाला बसेल?” खाते तिथल्या तिथे बंद केले आणि पैसे वाचले. पडद्यावरच्या नोंदीमागे एक जगणारे माणूस असते, हे तिच्या ध्यानात आले आणि आमच्या आले नाही. निरनिराळ्या घरांतून आलेली माणसे एका खोलीत का हवीत, हे मला त्या रात्री नीट कळले.

याला ‘हॅकिंग’ म्हणून घाबरू नका. परवानगी घेऊन, लेखी मर्यादेत राहून एखाद्या यंत्रणेची दारे ठोठावून पाहणे हा या क्षेत्राचा एक छोटा भाग आहे. बाकी सारा पहारा आहे. आणि पहारा सुटला तर काय होते, हे आपल्या उरणजवळच घडून गेले आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्राम सुटला, आणि मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीचे जगभरचे संगणक बंद पडले. न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. ब्रिटन आणि अमेरिकेने फेब्रुवारी २०१८ मध्ये या हल्ल्यासाठी रशियन लष्कराला जबाबदार धरले.

तिच्या बाबांची काळजी मात्र रास्त आहे आणि तिला नुसत्या धीराच्या शब्दांनी उत्तर देता येणार नाही. देखरेख केंद्र चोवीस तास चालते, त्यामुळे रात्रपाळी येतेच. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ नुसार स्त्रीला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत काम द्यायचे असेल तर तिची संमती लागते, तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था करावी लागते आणि घराच्या दारापर्यंत वाहन द्यावे लागते. मुलाखतीच्या वेळीच मुलीने विचारावे : गाडी दारापर्यंत येते की नाक्यापर्यंत? गाडीत सुरक्षारक्षक असतो का? पाळीत आणखी किती जणी आहेत? एकटीच असेल, तर मी तिला दुसरी जागा पाहायला सांगेन.

शिक्षणाच्या बाबतीत एकच कळकळीची सूचना. ‘तीन महिन्यांत एथिकल हॅकर, शंभर टक्के नोकरी’ अशा जाहिरातींवर लाखभर रुपये घालू नका. नेटवर्किंग, लिनक्स आणि थोडे पायथन हा पाया तिने कॉलेजात असतानाच पक्का करावा. ‘आयएससी-टू’चे ‘सर्टिफाइड इन सायबरसिक्युरिटी’ किंवा कॉम्पटियाचे ‘सिक्युरिटी प्लस’ हे प्रमाणपत्र सुरुवातीला पुरेसे आहे. ‘सीआयएसएसपी’ या वरच्या पातळीच्या प्रमाणपत्रासाठी पाच वर्षांचा अनुभव लागतो, त्यामुळे आज कोणी त्याचा क्लास विकत असेल तर निमूटपणे नकार द्यावा. पदवीनंतर सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचा ‘डिटिस’ हा पदविका अभ्यासक्रम आहे, त्यासाठी ‘सी-कॅट’ ही प्रवेशपरीक्षा असते. सी-डॅकचे एक केंद्र खारघरलाच आहे. मुलींसाठी मायक्रोसॉफ्ट आणि डेटा सिक्युरिटी कौन्सिल ऑफ इंडिया यांनी २०१८ मध्ये ‘सायबरशिक्षा’ हा उपक्रम सुरू केला होता. अशा योजनांच्या नव्या तुकड्यांवरही लक्ष ठेवावे.

प्रश्न : मी वाणिज्य पदवीधर आहे. एका सहकारी बँकेत लेखापरीक्षण विभागात आठ वर्षे काम करून मुलांसाठी नोकरी सोडली. आता वय ३९. मला कोडिंग येत नाही. या क्षेत्राचे दार माझ्यासाठी उघडे आहे का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : उघडे आहे, आणि आपण मानता त्यापेक्षा आपण त्या दाराच्या जवळ आहात. रिझर्व्ह बँकेने जून २०१६ मध्ये बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली आणि डिसेंबर २०१९ मध्ये नागरी सहकारी बँकांना चार स्तरांत विभागून त्यांच्यावर नियम लावले. हे नियम पाळले जातात का, हे पाहणारी माणसे बँकांना हवी असतात, आणि व्हाउचरमधली विसंगती पकडलेल्या नजरेला लॉगमधली विसंगती पकडायला शिकवणे अवघड नाही. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. आपल्या जुन्या बँकेत हे कोण पाहते, याची चौकशी करा. तीच आपली पहिली ओळख ठरू शकते. ‘आयएसओ २७००१’ या माहिती सुरक्षेच्या मानकाचा ‘इंटर्नल ऑडिटर’ हा अभ्यासक्रम आधी करावा. ‘सिसा’ ही माहिती यंत्रणांच्या लेखापरीक्षकांची परीक्षा आधी देऊन अनुभवाची अट नंतर पुरी करता येते, आणि लेखापरीक्षणाच्या अनुभवाला त्यात काही सूटही मिळते. नोकरीतल्या खंडाबद्दल अर्जात एका ओळीत खरे कारण लिहावे, सारवासारव करू नये.

प्रश्न : मी वाशीला मराठी साहित्यात एम.ए. करते आहे. परदेशी अपप्रचाराविरुद्धच्या कामात भाषेच्या विद्यार्थिनीला जागा असते का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : अमेरिकेत एलिझेबेथ फ्रीडमन इंग्रजी साहित्याच्या पदवीधर होत्या, दुसऱ्या महायुद्धात दक्षिण अमेरिकेतल्या नाझी हेरांचे रेडिओ संदेश त्यांच्या गटाने उलगडले. आजही समाजमाध्यम कंपन्या, तथ्यतपासणी करणाऱ्या संस्था आणि धोक्यांचा माग काढणारे गट यांना भाषा जाणणारी माणसे लागतात. मराठीत आलेला निरोप मुळात मराठीत सुचलेला आहे की दुसऱ्या भाषेतून यंत्राने आणलेला, हे आपल्या कानाला कळते. ‘आपण आपले खाते सत्यापित करण्यास इच्छुक आहात’ असे ठाण्यातला कोणताही बँक कर्मचारी बोलत नाही. यंत्रांची मराठी दिवसेंदिवस सुधारत असल्याने केवळ अशुद्धतेवर विसंबून चालणार नाही. हाच मजकूर आणखी कोणत्या भाषांत, कोणत्या खात्यांवरून, कोणत्या क्रमाने आला, तेही नोंदवावे लागते.

आजपासून एक वही घाला. आठवड्याला एकच संशयास्पद निरोप घ्या, त्याचे छायाचित्र, तारीख, वेळ आणि जुन्यात जुना सापडलेला उगम लिहून ठेवा, आणि माग जिथे तुटला तेही तितक्याच प्रामाणिकपणे नोंदवा. निरोपात कोणाची फसवणूक झालेली दिसली, तर वही बाजूला ठेवून आधी त्या व्यक्तीला १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायला लावा. अशा पंचवीस-तीस नोंदी झाल्या की ती वही मला पाठवा. मी वाचून आपल्याला सविस्तर कळवीन.