इकारियाला पहिल्यांदा जाताय? एवढं सांभाळा

ग्रीसमधलं इकारिया निवडलंत, छान केलंत. पण नकाशावर बेट चिमुकलं दिसतं म्हणून दिवसाला चार गावं ठरवू नका. नवखे नेमके इथेच फसतात. मध्ये हजार मीटरच्या वर गेलेला आथेरास डोंगर आहे, रस्ते सगळे वळणावळणाचे. आयिओस किरिकोसहून एव्दिलोसला पोचायला तासभर सहज जातो.

– अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून बोटीचं तिकीट काढताना उतरायचं बंदर नीट बघा. एव्दिलोस उत्तरेला, आयिओस किरिकोस दक्षिणेला. मुक्काम उत्तरेकडच्या आर्मेनिस्तीस गावात असेल तर एव्दिलोसच बरं.
– बसच्या भरवशावर राहू नका, गाडी भाड्याने घ्या. भारतातूनच इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून न्या. तिथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा. शेळ्या खुशाल रस्त्यात बसलेल्या असतात.
– जुलै-ऑगस्टात मेल्तेमी वारा जोरात सुटला की बोटी रद्द होतात. परतीचं विमान अथेन्सहून असेल तर मध्ये एक दिवस मोकळा ठेवाच.

ख्रिस्तोस राखेस या गावात सकाळी दुकानं बंद दिसली तर वैतागू नका, तिथला बाजार रात्री जागा होतो. थेर्माचे गरम झरे मात्र चुकवू नका. डोंगरातल्या पायवाटांचं नंतर विचारा; आधी दोन-तीन दिवस एकाच बाजूला राहून बघा.