पोटवाक्यातला प्रश्न हा प्रश्न राहत नाही

इंग्रजीतल्या नाउन क्लॉजबद्दल, म्हणजे आपल्या व्याकरणातल्या नामवाक्याबद्दल, गोव्यातल्या वाचकांनी विचारलेल्या शंका या वेळी एकत्र घेतल्या आहेत. उत्तरांतली इंग्रजी वाक्यं मोठ्याने वाचावीत. यातल्या बऱ्याच चुका डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळतात.

प्रश्न : परीक्षेत अधोरेखित उपवाक्य कोणतं ते ओळखायला सांगतात. नाउन क्लॉज होता हे मला उत्तर पाहिल्यावरच कळतं. आधी कसं ओळखायचं? (दहावीची विद्यार्थिनी, डिचोली)

उत्तर : अधोरेखित भाग झाकून त्या जागी 'समथिंग' ठेव आणि वाक्य वाच. 'आय नो दॅट द फेरी इज लेट' याचं 'आय नो समथिंग' होतं. वाक्य उभं राहिलं, म्हणजे नामवाक्य. 'आय वेटेड बिकॉज द फेरी वॉज लेट' याचं 'आय वेटेड समथिंग' होतं आणि ते कोसळतं. तिथे क्रियाविशेषणवाक्य आहे.

नाम जिथे जिथे बसतं तिथे नामवाक्य बसतं. कर्ता म्हणून : 'व्हॉट ही सेड इज ट्रू.' कर्म म्हणून : 'आय नो व्हॉट ही सेड.' 'इज'नंतर पूरक म्हणून : 'द प्रॉब्लेम इज दॅट द ब्रिज इज क्लोज्ड.' शब्दयोगी अव्ययाचं काम करणाऱ्या 'ऑन', 'अबाउट', 'ऑफ' यांच्यानंतर : 'इट डिपेंड्स ऑन हाऊ मच इट रेन्स.' अख्खं नामवाक्य कर्ता असेल तर ते एकवचनी धरतात, म्हणून 'व्हेदर दे कम ऑर नॉट इज देअर डिसिजन' यात 'दे' असूनही 'इज'च येतो.

फसवणारे शब्द दोन : 'व्हेन' आणि 'इफ'. ते नामवाक्यातही येतात आणि क्रियाविशेषणवाक्यातही, पण काळ वेगळा लागतो. 'आय डोन्ट नो व्हेन ही विल कम' हे नामवाक्य, म्हणून 'विल' चालतो. 'आय विल गो व्हेन ही कम्स' यात 'व्हेन ही विल कम' लिहिलं तर गुण जातो. 'इफ'चंही तेच : 'आस्क हिम इफ ही विल कम', पण 'आय विल गो इफ ही कम्स'. रिकाम्या जागा भरताना हा फरक हमखास विचारला जातो.

प्रश्न : हॉटेलच्या रिसेप्शनवर मी पाहुण्यांना 'कुड यू टेल मी व्हॉट टाइम इज युवर फ्लाइट?' असं विचारतो. सहकारी म्हणतो हे चुकीचं आहे. सगळेच तर असं बोलतात. (एक वाचक, कळंगुट)

उत्तर : सहकारी बरोबर आहे. हवं ते वाक्य : 'कुड यू टेल मी व्हॉट टाइम युवर फ्लाइट इज?'

कारण मुळापासून पाहू. मराठीत 'फेरीबोट कुठून सुटते?' हा प्रश्न आणि 'फेरीबोट कुठून सुटते ते सांगा' हे वाक्य, दोन्हींत शब्दांचा क्रम एकच. फक्त मागे 'ते' लागतो. इंग्रजीत प्रश्न ओळखू येतो तो उलट्या क्रमावरून : 'इज', 'आर', 'विल', 'कॅन' यांसारखं सहायक क्रियापद कर्त्याच्या पुढे उडी मारतं. हाच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की ती उडी रद्द होते आणि क्रम सरळ विधानासारखा होतो. विचारण्याचं काम आता 'कुड यू टेल मी' करतं, आतल्या भागाला ते पुन्हा करायचं नसतं. मराठी कानाला ही अदलाबदल ऐकायची सवयच नाही, त्यामुळे चूक खटकत नाही.

करायचं कसं? आधी साधा प्रश्न मनात म्हणा आणि त्यातलं सहायक क्रियापद शोधा. 'व्हेअर इज द बस स्टँड?' यात ते 'इज' आहे, त्याला कर्त्याच्या मागे पाठवा : 'डू यू नो व्हेअर द बस स्टँड इज?' सहायक म्हणून 'डू', 'डज' किंवा 'डिड' असेल तर तो हलवायचा नाही, काढून टाकायचा, आणि त्याचा काळ मुख्य क्रियापदावर चढवायचा. 'व्हेअर डज धिस बस गो?' याचं 'कॅन यू टेल मी व्हेअर धिस बस गोज?' होतं, 'डज' गेला आणि 'गो'ला 'गोज'चं रूप परत मिळालं. 'व्हेन डिड यू चेक इन?' याचं 'मे आय नो व्हेन यू चेक्ड इन?' होतं. सर्वांत जास्त घसरण इथेच होते : 'डज' निघतो, पण 'गो' तसाच राहतो, किंवा 'डिड' राहतो आणि वर 'चेक्ड'ही येतो.

प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असेल तर जोडायला प्रश्नार्थक शब्द नसतो. तिथे 'इफ' किंवा 'व्हेदर' आणावा लागतो. 'इज द पूल ओपन?' याचं 'द गेस्ट वॉन्ट्स टू नो इफ द पूल इज ओपन' होतं.

एक अपवाद आहे. प्रश्नार्थक शब्द स्वतःच कर्ता असेल तर हलवायला काहीच नसतं. 'हू कॉल्ड?' आणि 'डू यू नो हू कॉल्ड?' यांत आतला भाग जसाच्या तसा. आणखी एक बारकावा : वाक्याच्या शेवटी आलेलं 'इज' आखडून लिहायचं नाही. 'आय डोन्ट नो व्हेअर इट्स' होत नाही, 'व्हेअर इट इज' पूर्ण म्हणावं लागतं.

प्रश्नचिन्ह बाहेरच्या वाक्यावरून ठरतं. 'कॅन यू टेल मी' असेल तर ते द्या, 'आय वॉन्ट टू नो' असेल तर पूर्णविराम.

तुमच्या कामात या रचनेचा व्याकरणापलीकडेही उपयोग आहे. पाहुण्याला थेट 'व्हेन आर यू लीव्हिंग?' विचारलं तर खोली रिकामी करा असा सूर लागू शकतो. 'कुड यू टेल मी व्हेन यू विल बी चेकिंग आउट?' म्हटलं की तीच माहिती अदबीने मिळते. बोलताना क्रम चुकला तरी समोरच्याला अर्थ कळतो हे खरं, पण बुकिंगच्या ईमेलमध्ये तीच चूक ठळक दिसते.

प्रश्न : 'आय डोन्ट नो दॅट व्हेअर ही वेन्ट' यात 'दॅट' का नको? 'मला माहीत नाही की तो कुठे गेला' यात 'की' आहेच ना? (मुलाखतीची तयारी करणारा वाचक, फोंडा)

उत्तर : मराठीचा 'की' उदार आहे. तो विधानाला लागतो आणि प्रश्नालाही. कोंकणीत तर असा दुवा उपवाक्याच्या शेवटी जातो : 'तो येतलो म्हण ताणें सांगलें.' इंग्रजीत एका नामवाक्याला एकच जोडशब्द. आत विधान असेल तर 'दॅट'. हो-नाही प्रश्न असेल तर 'इफ' किंवा 'व्हेदर'. 'व्हेअर', 'व्हाय', 'हाऊ' वगैरे असेल तर तोच शब्द जोडशब्द, त्याच्या आधी दुसरा नको. म्हणून 'आय डोन्ट नो व्हेअर ही वेन्ट' आणि 'शी आस्क्ड मी व्हाय आय लेफ्ट द जॉब'. मुलाखतीत हे दुसरं वाक्य 'शी आस्क्ड मी दॅट व्हाय डिड आय लेफ्ट' असं निघालं, तर एका दमात तीन चुका होतात.

'दॅट' कधी गाळता येतो हेही लक्षात ठेवा. 'से', 'थिंक', 'नो', 'होप' यांच्यानंतर बोलण्यात तो सहज गळतो : 'आय थिंक ही इज राइट.' वाक्य त्याच्यापासूनच सुरू होत असेल तर मात्र गाळता येत नाही. 'दॅट गोवा बिकेम अ स्टेट इन १९८७ इज वेल नोन' यातला 'दॅट' काढला तर वाचणारा 'गोवा बिकेम अ स्टेट' हेच मुख्य वाक्य समजतो आणि 'इज'पाशी अडखळतो. खरं तर अशी सुरुवात बोलण्यात जड वाटते. 'इट इज वेल नोन दॅट गोवा बिकेम अ स्टेट इन १९८७' हे बरं.

'ऑफ', 'अबाउट' यांच्यानंतर थेट 'दॅट'चं नामवाक्य येत नाही. 'आय ॲम अवेअर ऑफ दॅट द पोस्ट इज टेम्पररी' चूक. 'ऑफ' काढा, 'आय ॲम अवेअर दॅट' पुरेसं आहे. 'अवेअर ऑफ द फॅक्ट दॅट' चालतं, पण लांबण लागते. 'व्हॉट'ला ही अडचण नाही : 'अवेअर ऑफ व्हॉट द जॉब निड्स' बिनधास्त म्हणा. फक्त 'एव्हरीथिंग व्हॉट ही सेड' म्हणू नका. 'व्हॉट'च्या पोटातच 'जे काही' आहे. आधी 'एव्हरीथिंग' आलं की मागे 'दॅट' हवा.

प्रश्न : कार्यालयात टिपणं इंग्रजीत लिहावी लागतात. 'ही टोल्ड दॅट आय ॲम ऑन लीव्ह' असं लिहिलेलं वरिष्ठांनी लाल शाईने खोडलं, कारण सांगितलं नाही. (लिपिक, पणजी)

उत्तर : कारणं दोन. पहिलं : 'टेल'ला ऐकणारा लागतो. 'ही टोल्ड मी दॅट' किंवा 'ही टोल्ड द सुपरिंटेंडंट दॅट'. ऐकणारा सांगायचा नसेल तर 'ही सेड दॅट'. 'ही सेड मी' मात्र कधीच नाही. 'इन्फॉर्म'ही 'टेल'च्याच जातीचा : 'धिस इज टू इन्फॉर्म यू दॅट', किंवा कर्मणीत 'यू आर हिअरबाय इन्फॉर्म्ड दॅट'. 'एक्स्प्लेन' वेगळ्या जातीचा, तिथे 'टू' हवा : 'ही एक्स्प्लेन्ड टू मी व्हाय द फाइल वॉज डिलेड.'

दुसरं कारण जास्त गंभीर. मराठीत 'तो म्हणाला की मी रजेवर आहे' यातला 'मी' बहुधा बोलणाराच असतो, कारण आपण त्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो. इंग्रजीत 'दॅट'नंतरचा 'आय' म्हणजे टिपण लिहिणारा. तुमच्या वाक्याचा अर्थ तुम्हीच रजेवर आहात असा झाला! हवं होतं 'ही सेड दॅट ही वॉज ऑन लीव्ह'. सर्वनाम बदललं, आणि 'सेड' भूतकाळी म्हणून 'इज'चा 'वॉज' झाला. आत कायमचं सत्य असेल तर वर्तमानकाळ तसाच ठेवता येतो : 'द टीचर सेड दॅट द अर्थ इज राउंड.'

टिपणांत लागणारी आणखी एक रचना इथेच सांगतो. विनंती, शिफारस, सूचना यांच्या नामवाक्यात क्रियापद मूळ रूपात राहतं : 'आय रिक्वेस्ट दॅट द लीव्ह बी सँक्शन्ड', 'द कमिटी रिकमेंडेड दॅट ही अटेंड द ट्रेनिंग'. 'अटेंड्स' नाही, 'अटेंडेड'ही नाही. नकार असेल तर नुसता 'नॉट' आधी येतो : 'दॅट द फाइल नॉट बी क्लोज्ड'. ब्रिटिश वळणात 'शुड बी सँक्शन्ड'ही लिहितात, तेही ग्राह्य आहे.

प्रश्न : 'इफ' आणि 'व्हेदर' यांत फरक काय? (वाचक, काणकोण)

उत्तर : 'आस्क', 'नो', 'सी' यांच्यानंतर दोन्ही चालतात. फक्त 'व्हेदर'च हवा अशा जागा चार : वाक्याच्या सुरुवातीला, 'ऑन', 'अबाउट' यांच्यानंतर, 'टू'च्या आधी ('व्हेदर टू गो'), आणि लगेच 'ऑर नॉट' येत असेल तर ('व्हेदर ऑर नॉट'). शंका असेल तिथे 'व्हेदर' लिहा, नामवाक्यात तो चुकत नाही.

प्रश्न : मुलाच्या वहीत 'द न्यूज दॅट ही ब्रॉट' विशेषणवाक्य आणि 'द न्यूज दॅट ही वन' नामवाक्य असं दिलंय. दोन्हींत 'दॅट'च आहे, मग फरक काय? (पालक, पेडणे)

उत्तर : वही बरोबर आहे. 'दॅट' झाकून उरलेला भाग एकटा वाचा. 'ही वन' पूर्ण वाक्य आहे, तो जिंकला हीच ती बातमी. 'ही ब्रॉट' अर्धवट राहतं : काय आणलं? ती रिकामी जागा 'दॅट' भरतो, म्हणून ते विशेषणवाक्य आणि तिथे 'दॅट'ऐवजी 'व्हिच' घालता येतो. 'द न्यूज व्हिच ही वन' मात्र या अर्थाने निरर्थक. असं नामवाक्य ठरावीक नामांमागेच येतं : 'न्यूज', 'फॅक्ट', 'आयडिया', 'होप', 'बिलीफ', 'रूमर' यांसारखी, ज्यांच्या पोटात मजकूर असतो अशी. 'टेबल' किंवा 'फेरी' यांच्यामागे 'दॅट' आला तर ते विशेषणवाक्यच समजा.

प्रश्न : 'ही सेड' आणि 'दॅट' यांच्यामध्ये स्वल्पविराम द्यायचा का? (वाचक, वास्को)

उत्तर : नाही. तो थेट अवतरणात येतो : 'ही सेड' मग स्वल्पविराम, मग अवतरणचिन्हांत त्याचे शब्द. 'दॅट' आला की स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हं दोन्ही जातात.