दगडी क्रूस नकाशावर नोंदवताना

प्रश्न : मी आयर्लंडमध्ये राहतो आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या मठांचे अवशेष पाहून ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून तयार केलेल्या खुल्या ऑनलाइन नकाशावर) त्यांच्या नोंदी करतो. क्लोनमॅकनॉइझ येथे मठाच्या आवारात उभे असलेले उंच क्रूस प्रतिकृती असून मूळ क्रूस तिथल्याच अभ्यागत केंद्रात ठेवले आहेत. मग नकाशावर बिंदू कोठे द्यावा? तसेच या क्रुसांना रस्त्याकडेच्या क्रुसांचाच प्रकार लावला तर चालेल का?
— एक वाचक, डब्लिन

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, बिंदू दोन द्यावेत आणि त्यांची माहिती एकमेकांत मिसळू देऊ नये. आवारातला क्रूस आज प्रत्यक्ष तिथे उभा आहे, म्हणून त्याची नोंद हवीच. मात्र ती प्रतिकृती आहे हे स्पष्ट लिहावे आणि दहाव्या शतकाचा काळ तिला जोडू नये. ‘क्रॉस ऑफ द स्क्रिप्चर्स’ या सुमारे 4 मीटर उंचीच्या क्रुसावर राजा फ्लान आणि मठाधिपती कोल्मान यांच्यासाठी प्रार्थना करण्याची विनंती कोरलेली आहे, आणि हा राजा 916 साली वारला असल्यामुळेच त्या शिल्पाचा काळ इतक्या जवळून ठरवता येतो. तो काळ, तो कोरीव लेख आणि ते शिल्प हे सारे अभ्यागत केंद्रात ठेवलेल्या मूळ दगडाचे आहे. उलट, क्रूस मुळात कोठे उभा होता ही मोलाची माहिती आज प्रतिकृतीच्या जागेमुळे टिकून आहे, म्हणून तीही वर्णनात आवर्जून लिहावी.

हा भेद फक्त क्लोनमॅकनॉइझपुरता नाही. स्कॉटलंडमधील आयोना बेटावर सेंट मार्टिनचा क्रूस आठव्या शतकापासून आपल्या जागी उभा आहे. त्याच्या शेजारी दिसणारा सेंट जॉनचा क्रूस मात्र 1970 साली उभारलेली काँक्रीटची प्रतिकृती असून मूळ क्रुसाचे तुकडे मठाच्या संग्रहालयात आहेत. दोन्ही बिंदूंवर एकसारखी माहिती भरली, तर नकाशा पाहणाऱ्याची सरळसरळ दिशाभूल होते. स्कॉटलंडमधीलच रुथवेलचा क्रूस तर 1642 मध्ये फोडला गेला, एकोणिसाव्या शतकात पाद्र्यांच्या निवासाच्या बागेत पुन्हा जोडून उभारला गेला आणि 1887 मध्ये चर्चच्या आत आणला गेला. म्हणूनच ‘आजची जागा’ आणि ‘पूर्वीची जागा’ या दोन गोष्टी वेगळ्या लिहिण्याची सवय मला फार महत्त्वाची वाटते.

जागेच्या अचूकतेबद्दलही एक सूचना करतो. प्राचीन वास्तूंच्या जुन्या सूचींमध्ये स्थान अनेकदा सहा अंकी ग्रिड संदर्भाने, म्हणजे नकाशावरील चौकटींच्या जाळ्यातील आकड्यांनी, दिलेले असते. असा संदर्भ 100 मीटर बाजूचा चौरस दाखवतो, नेमकी जागा नव्हे, आणि तो जसाच्या तसा उतरवला तर स्मशानभूमीतला क्रूस शेजारच्या शेतात जाऊन पडतो. त्याशिवाय दुसऱ्याच्या सूचीतून स्थान घ्यायचे, तर तिच्या परवान्यात तशी मुभा आहे का हे आधी पाहावे लागते. आपण स्वतः तिथे जाता, त्यामुळे मोबाईलवर घेतलेले स्थान हवाई छायाचित्रातील चर्चच्या भिंतींशी ताडून पाहणे आपल्याला सहज शक्य आहे.

प्रकाराबाबत माझे मत ठाम आहे. रस्त्याकडेचा क्रूस वाटसरूंसाठी असतो, तर आयर्लंडमधील मोनास्टरबॉइस येथील म्युरेडाखच्या क्रुसासारखे साडेपाच मीटर उंचीचे, बायबलमधील प्रसंगांनी भरलेले क्रूस मठाच्या आवाराचा भाग आहेत. त्यांच्यासाठी ‘हाय क्रॉस’ हा स्वतंत्र प्रकार वापरावा. शिरोभाग नाहीसा झालेला असला तरीही हाच प्रकार लावावा. इंग्लंडमधील कंब्रिया परगण्यातल्या ब्यूकासल येथे केवळ स्तंभ उरला आहे, तरी तो क्रूस म्हणूनच ओळखला जातो. अशा वेळी काय शिल्लक आहे आणि काय हरवले आहे, ते वर्णनात एका वाक्यात लिहावे.