नकाशा आधी भिंतीवरून खाली काढा

तुमची अडचण अशी: चौथीची मुलं भिंतीवरच्या नकाशात छत्तीसही जिल्हे धडाधड दाखवतात, पण ‘शाळेपासून नदी कोणत्या दिशेला?’ विचारलं की गप्प होतात, आणि उत्तर दिशा दाखवायला सांगितली की छताकडे बोट करतात. यात मुलांचं काही चुकत नाही. टांगलेल्या नकाशाची उत्तर बाजू खरंच छताकडे असते. म्हणून नकाशा खिळ्यावरून काढा, जमिनीवर अंथरा, त्याची उत्तर खऱ्या उत्तरेकडे करा आणि मुलांना भोवती बसवा. परत टांगायचा तेव्हा शक्य असेल तर वर्गाच्या उत्तरेकडच्या भिंतीवर टांगा, म्हणजे निदान पूर्व-पश्चिम तरी जुळतात.

त्यासाठी आधी खरी उत्तर सापडायला हवी. ‘सूर्य उगवतो ती पूर्व’ हे तंतोतंत फक्त 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या आसपास खरं असतं. आपल्याकडे जूनमध्ये सूर्य पूर्वेपासून सुमारे 25 अंश उत्तरेला सरकून उगवतो, डिसेंबरमध्ये जवळपास तेवढाच दक्षिणेला. ‘भर दुपारची सावली उत्तरेला पडते’ हाही नियम बारमाही नाही. शाळा उघडतात त्या जूनमध्ये महाराष्ट्रात ती किंचित दक्षिणेला पडते. ढग नसलेला हिवाळ्यातला दिवस निवडा. सपाट जागी मीटरभर काठी ओळंब्यात उभी करा. साडेदहाच्या सुमारास सावलीच्या टोकाला खूण करा, काठीला सुतळी अडकवून त्याच मापाचं वर्तुळ काढा. दुपारी अडीचच्या आसपास सावली लांबत पुन्हा वर्तुळाला टेकेल, तिथे दुसरी खूण. पहिल्या खुणेकडून दुसरीकडे जाणारी रेघ पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. तिच्यावर काटकोनात उत्तर-दक्षिण. ही रेघ ऑइलपेंटने कायमची रंगवून टाका, वर्षभर उपयोगी पडते. होकायंत्रही चालेल, आपल्या भागात त्याची चूक नगण्य असते. मात्र लोखंडी बाक आणि खिडकीच्या गजांपासून लांब उभे राहा. मोबाइलमधलं होकायंत्रही तिथे चुकतं.

आता वरून बघणं. पेला, डबा, कंपासपेटी कोऱ्या कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची आणि वस्तू उचलायची. कागदावर उरतो तो तिचा नकाशा. हे न करता थेट ‘वर्गाचा नकाशा काढा’ म्हटलं की टेबल वरून दिसतं तसं आणि त्याचे चार पाय मात्र बाजूला फाकलेले, असं चित्र येतं. मग वर्ग जमिनीवरच खडूने काढा, बाकांच्या जागी काड्यापेट्या ठेवा. कागदावर उतरवायची घाई नको. या टप्प्याला दोन-तीन तास गेले तरी द्या, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं राहतं.

प्रमाणासाठी गणिताची चौकटीची वही उत्तम. 6 मीटर लांब, 5 मीटर रुंद खोली असेल तर एक चौकट अर्धा मीटर धरा: 12 चौकटी बाय 10 चौकटी. मैदान पावलांनी मोजा, पण आधी टेपने 10 मीटर आखून प्रत्येकाने ते तीनदा चालावं आणि सरासरी काढावी. या वयात 16 ते 20 पावलं भरतात. मोजायचं म्हटलं की मुलं ढांगा टाकतात, म्हणून ‘नेहमीसारखं चाला’ हे बजावावं लागतं. एका गटात एकाच मुलाची पावलं. सर्वात लांब बाजू वहीत मावते का हे आधी तपासायला लावा, नाहीतर अर्धं मैदान पानाबाहेर जातं.

प्रमाण नुसतं शब्दांत लिहू देऊ नका, खाली रेषाप्रमाणही, म्हणजे मीटरचे आकडे घातलेली आखीव रेषा, काढून घ्या. ‘1 सेंमी म्हणजे 5 मीटर’ लिहिलेला ए-फोर नकाशा ए-थ्रीवर झेरॉक्स करून मोठा केला की 1 सेंमी साडेतीन मीटरचा होतो आणि लिहिलेलं खोटं ठरतं. रेषा मात्र नकाशाबरोबरच वाढते. वळणाचा रस्ता दोऱ्याने मोजायचा आणि दोरा त्या रेषेवर धरायचा.

चिन्हं आधी मुलांनाच ठरवू द्या, सहाच्या वर नकोत, आणि सूची त्यांच्याच हातची. कुणी उभं झाड काढलं तर खोडू नका. ‘याचं खोड जमिनीत कुठे आहे?’ विचारा आणि तिथे ठिपका द्यायला सांगा.

मग तो नकाशा घेऊन शाळेच्या आवारात चालायचं. आपण जिथे आहोत तिथे अंगठा, पाऊल पुढे तसा अंगठा पुढे, आणि आपण वळलो की कागद फिरवायचा. इथे हमखास अडतं, कारण नावं सरळ वाचता यावीत म्हणून मुलं कागद फिरवतच नाहीत. म्हणून पहिल्या नकाशांवर अक्षरंच नकोत, फक्त चिन्हं.

एवढं झालं की गाव. तलाठ्याकडचा गावनकाशा गट नंबरांनी गच्च असतो. त्यातले रस्ते, ओढा आणि गावठाण एवढंच ट्रेस करून घ्या. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 नकाशात 2 सेंमी म्हणजे 1 किलोमीटर. त्यातला आपल्या गावापुरता तुकडा चौथीला झेपतो, अख्खं पान नाही.

जिल्हा आणि राज्य सर्वात शेवटी. तिथे दोन गैरसमज ठरलेले. एक, नकाशात गुलाबी दिसणारा जिल्हा खरोखर गुलाबी असतो. दुसरा, नद्या नेहमी ‘खाली’ वाहतात. जळगाव जिल्ह्यात गिरणा उत्तरेकडे जाऊन तापीला मिळते, हे बोटाने गिरवून दाखवा. नदी उताराकडे जाते, कागदाच्या खालच्या कडेकडे नाही.

परीक्षा घ्यायची तर जिल्ह्यांची नावं विचारू नका. आवारात खडू लपवा, जागेवर फुली केलेला बिननावाचा नकाशा मुद्दाम उलटा हातात द्या. मूल बरोबर विरुद्ध टोकाला गेलं तर त्याने दिशा जुळवली नाही. दिशा बरोबर पण अलीकडे-पलीकडे थांबलं तर प्रमाण कच्चं. भलत्याच झाडाखाली शोधत असेल तर सूची वाचलेली नाही. त्याला फक्त तेवढाच टप्पा पुन्हा द्या.