पाऊस चांगला असूनही गायरानातलं गवत ठिकठिकाणी वाळतंय, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की ऑगस्टपासून गायरानात गवताचे पट्टे पिवळे पडतायत, ओढलं की गवत सहज हातात येतं आणि दुकानदार फोरेट हे कीटकनाशक टाका म्हणतोय. फोरेट अजिबात टाकू नका. 2020 च्या अखेरीपासून त्यावर देशात बंदी आहे. शिवाय ज्या जागी उद्या तुमचीच गुरं तोंड घालणार, तिथं इतकं जहाल विष टाकायचं कसं?

लक्षणं हुमणीची, म्हणजे जमिनीत राहून मुळं खाणाऱ्या अळीची दिसतात, तरी खणून खात्री करा. वाळलेल्या पट्ट्याच्या मधोमध खणू नका. तिथली मुळं संपलेली असतात आणि अळ्या पुढं सरकलेल्या असतात. हिरवं आणि पिवळं गवत जिथं भेटतं, त्या कडेला वीतभर खणा. अळी पांढरट, गुबगुबीत, तांबूस डोक्याची आणि इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली असेल, मागचा भाग पोटातल्या मातीमुळं काळपट दिसत असेल, तर ती हुमणीच. वाळवी असती तर गवताच्या बुडख्यावर मातीचा लेप दिसला असता. मूळकूज असती तर मुळं जागेवरच, पण काळी पडून सडलेली सापडली असती. कावळे, साळुंक्या किंवा रानडुकरं तीच जागा उकरत असतील, तर त्यांना तुमच्या आधी पत्ता लागलाय असं समजा.

आता सप्टेंबरात अळी पूर्ण वाढलेली असते, औषधाला फारशी दाद देत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती कोषात जाते. त्यातून भुंगेरा तयार होतो, पण लगेच वर येत नाही, पुढच्या वळवापर्यंत मातीतच पडून राहतो. वर्षाला पिढी एकच, म्हणून तिला अडवायची खरी वेळ मे-जून.

वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की दिवेलागणीला भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. आमच्या माण भागात त्या वेळी बॅटरी घेऊन झाडाखाली उभं राहिलं की पानं कुरतडल्याची बारीक कुरकुर ऐकू येते, आणि सकाळी पानांच्या कडा अर्धगोल कातरलेल्या दिसतात. उजाडायच्या आत ते परत मातीत जातात, मादी तिथंच अंडी घालते. म्हणून रात्रीच झाडाखाली ताडपत्री अंथरून फांद्या जोरात हलवा, पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवा. पाऊस पडला की लगेच सुरू करा आणि सलग काही रात्री करा. एकट्यानं करून मात्र उपयोग नाही, शेजारच्या बांधावरच्या बाभळीवरूनही भुंगेरे येतात. त्यामुळं हा विषय वळवाच्या आधीच ग्रामसभेत घ्या आणि कोणती झाडं कोणत्या वस्तीनं बघायची ते ठरवून टाका.

जून-जुलैत अळ्या लहान असताना मेटारायझियम बुरशी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, जमीन ओली असताना, ऊन उतरल्यावर पसरा. मात्रा पाकिटावरची घ्या. काम सावकाश होतं, पण या बुरशीनं मेलेली अळी कडक होते आणि तिच्यावर हिरवी भुकटी चढते, ती पुढं आणखी अळ्यांना लागते. न्यूझीलंडच्या कुरणांत अशाच अळीसाठी सेराशिया नावाचा जिवाणू मातीत सोडतात. त्यानं अळी खाणं सोडते आणि मधाळ रंगाची होऊन मरते. म्हणजे कुरणाला विषाशिवाय इलाज असतो, हे तिथं मोठ्या प्रमाणावर करून पाहिलेलं आहे.

आणि एक फार महत्त्वाचं. सतत खुडलेल्या गवताची मुळं उथळच राहतात, थोडी कुरतडली तरी ठोंब जातं. वाळलेल्या पट्ट्यांवरची चराई आत्ताच थांबवा, शक्य असेल तर काटेरी फांद्या आडव्या टाका. हिरव्या कडेचं गवत तगलं तर ते यंदाच वाळलेल्या पट्ट्यात थोडं आत सरकेल. पूर्ण उघड्या पडलेल्या जागी पुढच्या जुलैत, पाऊस स्थिरावल्यावर, मारवेल गवताची ठोंबं लावा आणि पहिलं वर्ष तिथं गुरं सोडू नका, गवत कापूनच न्या.